सुधारित धोटा-चिलीम, आकृती एक ते चार

दुपारी अडीचला दमडू पराते आले,
कूलरसमोरची खुर्ची सोडून दाराजवळच्या स्टुलावर बसले,
रुमालाची गाठ दातानं सोडवली.
"बाई, याचं चित्र काढून द्या.
अर्जाले लावाचं हाय."

मी भाडेकरार टाइप करते, जातपडताळणीचे अर्ज,
हरवलेल्या मार्कशीटची प्रतिज्ञापत्रं.
कंपास बारावीतला, त्यात शिसाचा तुकडा अडकलेला.
नाहीच म्हणणार होते,
पण वस्तू तोवर हातात आली होती.

तो धोटा होता. हातमागाचा, शिसमाचा,
दोन्ही टोकांना पितळी चोच,
आयुष्यभर सुतातून ये-जा करून
साबणासारखा गुळगुळीत.
कांडी बसायची त्या पोकळीत आता नळी,
नळीत नळी, तिच्यात अजून एक:
ओढली की वीतभर, दाबली की बोटभर.
बोंडावर बिजागरीचं झाकण,
झाकणाला सुईनं पाडलेली एकोणीस भोकं.

"आकृती एक, बंद," मी म्हणाले. "दोन, उघडी."
"आन् तीन?"
"तीन म्हणजे उभा छेद. आत काय आहे ते."
ते जरा थांबले.
"आतलं दाखवाच लागते का?"

आत राखेचा कप्पा होता,
आणि धूर गाळायला चाळीस नंबरच्या सुताची गुंडी, बिनरंगाची.
"रंगाचं जळलं तं घसा धरते."

मग रकाना आला: दावा.
"दावं? गाय बांधाचं?"
"नाही हो काका. आधीच्या चिलमीत काय कमी होतं,
आणि तुम्ही काय सुधारलं."

कूलरनं कागद उडवला, मी त्यावर स्टेपलर ठेवला.
"कमी," ते म्हणाले, आणि बराच वेळ काही नाही.
मग तांडापेठ, दिवाळीच्या आधीचा आठवडा,
मागावर नऊवारी, साडेआठ वार विणून झालेली,
तोंडात चिलीम, दोन्ही हात कामात.
एक ठिणगी.
मुगाच्या दाण्याएवढं भोक.
सोनाबाईनं कंदील जवळ ओढून रातभर रफू केला.
डोळ्याला दिसत नव्हता,
बोटाला लागत होता.
इतवारीतल्या शेठनं डोळ्यानं पाहिलंच नाही,
सरळ बोट फिरवलं.

मी टाइप केलं: दावा १. ठिणगी बाहेर पडत नाही.
"कापडावर," ते म्हणाले. "कापडावर पडत नाही, असं लिहा.
रस्त्यावर पडली तं पडो."

"ओढून बघितली का कधी?"
"कुठं बाप्पा. मेयोतल्या डाक्टरनं
आठ वर्सं झाले, तोंडाले लावू नाही दिली."
"मग कोणासाठी?"
"माग तरी कोनाचा चालून राहिला?
सुधरवाची राहून गेली होती, बस."

सरकारी फी सांगितली
तेव्हा त्यांनी धोट्याकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही.

आकृती चार, वापरात.
माणूस पूर्ण काढायचा नसतो, नुसता हात,
तोही तुटक रेषेनं.
त्यांनी उजवा पंजा कागदावर ठेवला,
मी भोवती पेन्सिल फिरवली.
अंगठा आत वळलेला, सरळ होईना,
रेष तिथं दोनदा खोडली.
"तुटक काहून?"
"म्हणजे हात आपल्या दाव्यात येत नाही. कुणाचाही चालतो."
त्यांनी चष्मा वर सरकवून ते टिंब-टिंब बघितलं.
"कोनाचाबी नाही चालत, बाई," म्हणाले.
"पन ऱ्हाऊ द्या."

मग धोटा उचलला,
डाव्या हातानं माझ्या काउंटरवरून सोडला,
उजव्यानं झेलला.
एकदाच. स्टेपलरला लागता लागता राहिला.

पैसे किती, विचारलं.
मी झेरॉक्सचे घेतले.
आठ रुपये.