ओमुरबेकच्या नावातले चौकोन

कंपनीने चार वर्षांपूर्वीच हात झटकले.
शेवटचं अपडेट, मग मौन.
फोन मात्र चालतच राहिला
नारिनच्या वरच्या कुरणांवर,
मेंढीच्या चरबीचा वास धरून,
काचेला तिरका तडा घेऊन.
मामाने तो चोल्पोनच्या हातात दिला, म्हणाला,
"यात माझं नाव नीट दिसत नाही."

खरंच. पहिल्या अक्षराच्या जागी चौकोन,
तिसऱ्याच्या जागी चौकोन.
ओमुर म्हणजे त्यांच्या भाषेत आयुष्य,
आणि आयुष्याच्या आरंभालाच
फॉन्टात जागा नव्हती.

बिश्केक, फेब्रुवारी, सातवा मजला.
रेडिएटरवर मोजे वाळताहेत.
ती कुलपापासून सुरुवात करते.
बूटलोडर म्हणतो, उघड,
पण मग आतलं सगळं पुसून टाकीन.
ती आधी मामाचे फोटो काढून ठेवते:
एकशे बारा घोडे, एक मामी.

मग कर्नल. द्यावाच लागतो म्हणून
कंपनीने दिलेला, तोही अर्धवट,
नावडत्या पाहुण्याच्या ताटात भात टाकावा तसा.
मग नकाशा, कुठली तार कुठल्या पायाला जोडलीय.
कुरितिबाच्या कुणा जुरांदिरने
याच चिपवर बरंच काम करून सोडलं होतं.
त्याची शेवटची नोंद:
कॅमेरा उलटा दिसतो. मुलगी झालीय. नंतर बघतो.
ते नंतर आलंच नाही.
ती त्याच्या ओळी घेते
आणि वर त्याचं नाव तसंच राहू देते.

काही डबे मात्र उघडतच नाहीत.
मोडेमचा, ग्राफिक्सचा.
आत काय आहे ते बनवणाऱ्याला ठाऊक.
ते जुन्या घरातून उचलायचे
आणि न हलवता
नव्या घरात नेऊन ठेवायचे.

आपल्याकडे याला
शिळ्या कढीला ऊत म्हणतील.
म्हणोत.

रात्री दहाला बिल्ड लावते.
लॅपटॉपचा पंखा इतका ओरडतो
की पलीकडून आई भिंत ठोकते.
पहाटे तीनला सगळं थांबलेलं:
एक अर्धविराम राहून गेला होता.

पुन्हा. मग फोनवर चढवते.
लोगो. काळोख.
लोगो. काळोख.
लोगो.
फोनची वीट होते
तेव्हा जिवालाही वीट येतो.
ही कोटी मराठीतच जमते.
चोल्पोन नुसती चहात जर्दाळूचा मुरांबा ढवळते
आणि लॉग वाचते, चौदा हजार ओळी,
बोट लावून, पोथी वाचावी तशी.
नऊ हजारांच्या पुढे कुठेतरी
आवाजाचा ड्रायव्हर एका पत्त्यावर
दार ठोठावत उभा आहे.
त्या पत्त्यावर कोणी राहत नाही.
एक आकडा. एकाच्या जागी सात.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा फोन उठला.
तिने आधी घड्याळ लावलं नाही, आवाज तपासला नाही.
मामाचं नाव टाइप केलं.
सगळी अक्षरं आली. ती थोडा वेळ
काहीच न करता बसली.

मग काय चालत नाही ते कागदावर लिहिलं:
फिंगरप्रिंट नाही. रेडिओ नाही.
बॅटरी थोडी लवकर उतरेल.
कॅमेरा अजूनही उलटा,
जुरांदिर, तुझी मुलगी आता चालत असेल.

मामाने कागद घडी करून टोपीत ठेवला.
अंगणात जाऊन घोड्याचा फोटो काढला.
पडद्यावर घोडा
जमिनीला खुरांनी लटकलेला, खाली आभाळ.
त्याने फोन उलटा फिरवला, मामीपुढे धरला:
"बघ. सरळ तर आहे."