परतीचा पत्ता

रात्री दोनच्या सुमारास टेकडीवरचा मनोरा आडवा झाला.
वारा नेहमीचाच होता. बोल्ट जुने होते.

पॅकिंगमध्ये कोणाला कळलंही नाही.
लिंक उपग्रहावर गेली,
वजनकाटे उसन्या पत्त्यांवर सॅमन मोजत राहिले.
मग पाळी बदलली, काटे धुवायला बंद केले,
पुन्हा चालू केले,
आणि एकेक करून सगळे बेपत्ता.

"एकशे एकोणसत्तरपासून सुरू होणारं काहीतरी दाखवतोय."
एदेल्मिरानं आकडा मनगटावर लिहून आणला होता.
तो पत्ता नव्हे, मी म्हटलं,
कोणीच काही दिलं नाही की
यंत्र स्वतःच स्वतःला ठेवतं ते नाव.
"माझा दीरही स्वतःला कॅप्टन म्हणवतो,"
ती म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन गेली.

मी केबल बदलली. गरज नव्हती.
राउटर बंद-चालू केला. तीही घाईच.
मग पोर्तो मोन्तला यास्नाला फोन;
प्रत्येक वाक्य आकाशात जाऊन यायचं,
आम्ही एकमेकांच्या बोलण्यावर पाय देत होतो.

— तुझ्या हाका येताहेत, रोसामेल. प्रत्येकीला ओ देतेय.
— इथे काही पोचत नाही.
— देतेय मी. हा बघ, आत्ता दिला.
— कुठे?
— जिथून तू विचारलंस तिथे.

आणि मग बराच वेळ
फक्त स्टोव्हमधलं ओलं लाकूड बोलत होतं.

सहा वर्षांपूर्वी, माझ्याच हातानं,
रिलेच्या त्या ओळीत
पाठवणाऱ्याचा म्हणून मनोऱ्याच्या बाजूचा पत्ता.
भिंतीवरच्या डब्यापर्यंत तार शाबूत,
दिवा हिरवागार,
म्हणून राउटरलाही वाटत राहिलं, घर आहे.
प्रश्न नव्या वाटेनं जात होते,
उत्तरं जुन्या वाटेनं निघून
टेकडीपाशी संपत होती.

ती ओळ खोडली.
राउटरच्या पोटातला, कुठल्याच तारेचा नसलेला पत्ता लिहिला.
यास्नाला म्हटलं, याची वाट तुझ्याकडेही घाल.
तिनं टाईप केलेलं मला ऐकू आलं.

पावणेपाचला पहिल्या काट्यानं लेबल ओकलं,
मग दुसऱ्यानं.
एदेल्मिराच्या पेन्सिलीचे चाळीस खोके पुन्हा तोलले:
अंदाज बहुतेक बरोबर,
एकात मात्र तिनं दोनशे ग्रॅम जास्त दिले होते.
"तो मासा मला आवडला होता," म्हणाली.

उजाडल्यावर टेकडीवर गेलो.
मनोरा नाल्काच्या छत्रीएवढ्या पानांत
तोंड खुपसून पडला होता,
आणि वरच्या पेटीतला दिवा
अजून लुकलुकत होता.
वीज तोडायला आलो होतो.
थोडा वेळ तसाच उभा राहिलो.