चौदावा टेक

ताम्पेरेत, जुन्या मोज्यांच्या कारखान्याखाली,
भिंतींना लष्करी घोंगड्या ठोकून
सुलोनं स्टुडिओ केला होता.
गरम पाण्याचा पाइप मधूनच खोकायचा.
त्या खोकल्याच्या वेळा एका वहीत टिपलेल्या.
गाणं बसवायचं ते दोन खोकल्यांच्या मधे.

राउहा पोस्टात पार्सलं तोलायची.
पावतीच्या पाठीवर लिहून आणलेलं गाणं,
पहिल्या कडव्यावर निळ्या कार्बनचं बोट:
बूट न काढता, थेट आत…
दोन दिवस मी फरशी पुसली नाही.

सुलो म्हणाला, "हे प्रेमगीत?
चंद्र कुठाय? डोळे कुठायत?
बरं, निदान एखाद्या मुलीचं नाव तरी घाल.
रेडिओवाल्यांना नाव लागतं."
राउहा म्हणाली, "हॅन."
आणि पेन्सिल कानामागे खोचली.

त्यांच्या भाषेत हॅन म्हणजे तो,
आणि हॅन म्हणजेच ती.
क्रियापदही चौकशी करत नाही.
इथं माझी पंचाईत होते.
मराठीत दार उघडायच्या आधीच
ठरवून टाकावं लागतं:
आला, की आली?

यालमारी गाणार होता. एकोणीस वर्षांचा, नाक चोंदलेलं.
त्याला वाटलं, कोणी मुलगी असणार.
ड्रमवर ओलावी.
त्याला वाटलं, धाकटा भाऊ,
जो स्वीडनला मोटारीच्या कारखान्यात गेला
आणि ज्याची पत्रं येईनाशी झाली.
राउहाचा नवरा जिन्यावर थर्मास घेऊन बसलेला.
त्याला वाटलं, आपणच.
पण तो तर बूट रोज काढायचा,
वर्तमानपत्रावर ठेवायचा, जोडीनं,
टाचा भिंतीकडे करून.

पहिल्या टेकला यालमारी इतका विव्हळला
की सुलोनं टेपच थांबवली.
"अरे, कोणी मेलं नाहीये. फरशी ओली आहे फक्त."
चौथ्याला पाइप.
नवव्याला गिटारची तार.
तेरावा खरोखर चांगला होता,
त्यात ओलावी शिंकला.

चौदाव्यापर्यंत यालमारीकडे आवाज असा उरलाच नव्हता.
पोस्टात पत्ता सांगावा
तसं त्यानं सांगून टाकलं.
काचेपलीकडे सुलोनं सिगारेट पेटवली नाही,
नुसती धरून ठेवली.

मार्च होता. बाहेर बर्फाचा चिखल.
दाराशी पुठ्ठ्यावर सगळ्यांचे बूट ओळीनं उभे.
राउहाचे तेवढे पायात.
खुर्चीखाली पाणी साचत होतं.
सुलोनं ते पाहिलं,
आणि फडक्याकडेही पाहिलं,
आणि बटणावरचं बोट उचललं नाही.

तबकडीच्या मागच्या बाजूला गेलं गाणं.
पाचशे प्रती. पुढच्या बाजूला चंद्र होता.
स्टॉकहोमच्या बोटीवर, बार बंद करताना,
कोणी ती उलटी करून लावत असे म्हणतात.

मी बरेच दिवस त्या एका क्रियापदापाशी अडलो होतो.
मग एका रात्री माझ्याच दारावर थाप पडली
आणि आतून मीच विचारलं:
कोण आलंय?
तो नाही, ती नाही.
थाप आणि कडी यांच्या मधे
आपल्याकडेही असतं की एवढं.

तर,
आलं. बूट न काढता, थेट आत आलं.
दोन दिवस मी फरशी पुसली नाही.

कान देऊन ऐकलंत तर यानंतर
पाइप खोकतो.
वहीत ती वेळ नाही.