उजव्या गुडघ्यावर एक टिचकी

पावणेपाचला व्हर्लिननं पिकअपचं दार लावलं नाही,
नुसतं टेकवलं.
स्वतःला आवाज येत नसला
तरी जंगलाला येतो, हे तो विसरलेला नाही.

बाप माझा. एकोणऐंशीचा.
लाकूडगिरणीतल्या करवतीनं चाळीस वर्षं
त्याचे कान थोडेथोडे कापून नेले.
आधी ओढ्यातले बारके बेडूक गेले, मग रातवे,
मग आईचं बोलणं.
सर्वांत शेवटी गेला टर्कीचा नर.
तेव्हापासून दोन वसंत
तो बंदूक पुसायचा आणि परत ठेवायचा.

यंदा मी म्हटलं, चल. कान माझे, हात तुझे.
ठरलं असं :
डाव्या गुडघ्यावर टिचकी, तर डावीकडे.
उजव्यावर, तर उजवीकडे.
एक म्हणजे लांब, दोन म्हणजे निघालाय.
आणि अख्खा पंजा दाबला
तर श्वाससुद्धा नको.

ओझार्कच्या डोंगरात एप्रिल गारच असतो.
ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो,
पँटमधून दव वर चढत राहिलं.
अंधारात डॉगवुडची फुलं,
कुणी धुणं वाळत घालून विसरल्यासारखी.
घुबडानं काहीतरी विचारलं,
आणि पलीकडच्या सिकमोरवरून
त्याच्या अंगावर खेकसल्यासारखं उत्तर आलं :
गळ्ळ-गळ्ळ-गळगळगळ!
रिकामा हंडा पायऱ्यांवरून गडगडत यावा, तसं.
माझ्या मानेवर काटा.
बाप शेजारी निवांत,
टोपीच्या कडेवरून उतरणारा कोळी बघत.

उजवा गुडघा. एक टिचकी.

त्यानं खिशातून पेटी काढली,
सीडरची, माझ्या आजोबांनी घडवलेली.
झाकणाला खडू घासला, हळूच ओढलं.
कियॉक. कियॉक. कियॉक.
मादीचा आवाज, जरासा रुसलेला,
जरासा ‘मला काय पडलंय’ असा.
त्यातला एकही त्याच्यापर्यंत पोचला नाही.
लाकूड अंगठ्याखाली किती थरथरतं,
तेवढ्यावर तो सूर धरून होता.

उजवा गुडघा. दोन टिचक्या.
पंखांची फडफड, झाडावरून उतरला.
आणि मग काहीच नाही.

पाच मिनिटं. वीस.
सुतारपक्षी, लांब कुठंतरी ट्रॅक्टर, माझं स्वतःचं रक्त.
मी उजवीकडे कान ताणून ताणून दमले.
गेला, मी मनात म्हटलं, दुसरीनं पळवला.
शांततेत काय करायचं असतं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर,
माझ्या, डाव्या,
अख्खा पंजा.

नुसते डोळे वळवले.
रेडबडच्या जांभळ्यातून तो येत होता,
एक शब्दही न बोलता,
पिसारा उघडलेला, डोकं लाल, पांढरं, निळं,
छातीवरची दाढी गवताला घासत.
ऊन त्याच्या पाठीवर तांब्यासारखं सांडलं.
सदतीस पावलं. तीस.
बापानं गालाला दस्ता लावला.
तो आवाज मात्र त्यालाही ऐकू आला असावा,
खांद्याच्या हाडातून.

पंख थांबेपर्यंत आम्ही उठलो नाही.
मग त्यानं टोपी काढली,
गरम पिसांवर तळवा ठेवून बराच वेळ बसला.
पायाला परवान्याची चिठ्ठी मी बांधली.
परतीच्या वाटेवर मोरेल अळंबी दिसली,
ती त्याच्या टोपीत. पक्षी त्याच्या खांद्यावर,
मला हात लावू देईना.

चाऱ्याच्या दुकानात काट्यावर ठेवला :
साडेदहा किलो, नख्या सव्वा इंच.
क्लीटस ऑसब्रुक्स काउंटरवरून वाकला,
“व्हर्लिन, कुठल्या खोऱ्यात मारलास रे?”

बापानं कानामागे हात धरला.
“काय?”
“कुठं मारलास?”
“हो हो, चांगली झाली, मोरेल. लोण्यात परतणार.”
“अरे, जागा! जागा कुठली?”

बाप असहायपणे माझ्याकडे बघून मान हलवतो,
बिचारा, ठार बहिरा.
काउंटरखाली
माझ्या उजव्या गुडघ्यावर
एक टिचकी.