महिन्याला किती सुटतात

नाबर सरांनी शेवटच्या तासाला
फळ्यावर लिहिलं: आठ हजार,
आणि पुढे एक आडवी रेघ.
रेघेच्या पलीकडचं तुमच्यावर, म्हणाले,
आणि डस्टर शोधत कँटीनकडे गेले.

एक वर्षाची पदविका, छायाचित्रण आणि चित्रपट.
बावीस जणांत दोन कॅमेरे,
त्यातल्या एकाचं शटर खाऱ्या हवेनं धरलेलं.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर दुपारभर बसून
आम्ही उजेड मोजायला शिकलो.
त्याच बंदरावर बाबा बांगडे मोजत होते.

त्यांचा हिशोब सरळ:
डिझेल, बर्फ, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा,
उरेल ते माणसांचं.
"तुझ्या कॅमेऱ्याक वाटो किती?"
मी हसले तेव्हा.
मग हप्ता सुरू झाला
आणि कळलं, पहिला वाटा त्याचाच.

उमाकांत गोव्याला गेला.
शूटिंग असेल तर दिवसाचे बाराशे,
नसेल तर भाड्याच्या खोलीत भात आणि फोन.
नाव पडद्यावर येतं, सांगतो,
लोक उठून चपला शोधत असतात तेव्हा.
हसीना मुजावरनं ड्रोन घेतला, भावाची रिक्षा विकून.
लग्न ठरलेली जोडपी ती वाळूवर चालवते,
तासाला माझ्या तिप्पट घेते.
वरून सगळीच सुखी दिसतात, म्हणते.

माझा गाळा नाक्यावर,
मटणाच्या दुकानाला लागून.
पासपोर्ट, आठ प्रती, साठ रुपये.
आंब्याच्या पेटीवरचा हापूस मीच काढलेला,
तोच एक हापूस तीन वर्षं
चौदा बागायतदारांच्या नावानं पिकतो आहे.
होमस्टेच्या खोल्या मी भिंत न पाडता मोठ्या करते.
वादळात फुटलेल्या होड्या
विम्यासाठी चारी बाजूंनी काढल्या,
"नंतर द्या" म्हटलं,
आणि ते नंतर
त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

जून-जुलै होडी वर ओढलेली,
लेन्स तांदळाच्या डब्यात.
बाबा आणि मी पडवीत समोरासमोर.
त्या दोन महिन्यांत ते विचारत नाहीत
किती सुटतात.

गेल्या मार्गशीर्षात सगुण मेथर आले,
बर्फ कारखान्यात रात्रपाळीला असतात ते.
इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं.
"माझो एक मोठो काढून ठेव. मागसून लागतलो."
मागसून म्हणजे?
"आमच्या भावाचो लग्नातल्या फोटोतसून कापलो.
खांद्यावर अजून कोणाचो तरी हात आसा.
रोजची उदबत्ती त्या हाताक पण गावता."

मी त्यांना दाराशी बसवलं.
पाचच्या सुमारास ऊन
मटणवाल्याच्या पत्र्यावरून परत फिरून आत येतं,
तेवढ्यासाठी थांबलो, पाऊण तास.
दोनदा विचारलं त्यांनी,
थांबण्याचे पैसे वेगळे काय?
मग ते आलं, डोळ्यांत
एकेक ठिपका,
आणि ते माझ्याकडे असे बघत होते
जणू मीच जाणार आहे कुठेतरी.

फ्रेमसकट साडेतीनशे सांगितले.
तीनशे दिले, पन्नास राहिले.
फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून नेली,
अजून कपाटावर तशीच आहे, सून सांगते.

पहाटे होडी सुटायच्या आधी
दोन टोपल्या बर्फ आला बंदरावर,
कोणी पाठवला ते न विचारता
बाबांनी तो खणात ओतला.
संध्याकाळी वही काढली,
डिझेलच्या खाली, त्यांच्या तिरक्या अक्षरात:
बर्फ, पन्नास. कॅमेऱ्याचो.
आणि मला म्हणाले, सही कर.