इतर खुणा

डिसेंबरात हाउगेसुंदला दुपारी तीनलाच दिवे लागतात.
गुन्वोर आली तेव्हा भिंग माझ्या डोळ्यातच होतं,
त्यामुळे आधी दिसली ती
तिच्या हातमोज्याची उसवलेली वीण.

मोज्यातून निघालं घड्याळ. पट्टा नाही.
पाणबुड्याचं, एकोणसत्तर सालचं, तीनशे मीटरवालं.
"ओड्मुंडचं," ती म्हणाली. "किती येतील?"

आकडा मी लगेच सांगत नाही.
आधी शिंगं बघतो, पट्टा अडकतो तिथली.
कडा बोटाला लागली की समजायचं,
चकाकीच्या हौसेनं कुणी घासलेलं नाही.
लागली.
मग तबकडी. ट्रिशियमचे ठिपके
जुन्या लोण्याच्या रंगावर गेलेले,
आणि काट्यांचा रंगही तोच.
(बदललेले काटे ओळखू येतात,
म्हाताऱ्याच्या तोंडातली नवी कवळी येते तसे.)
दिवा मालवला. अंधारात काहीच उजळलं नाही.
हे चांगलं लक्षण. इतक्या वर्षांनीही चमकणाऱ्या वस्तूवर
आमच्या धंद्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

माणूस किती पाण्यात आहे ते कळायला जन्म जातो.
घड्याळाच्या तोंडावरच लिहिलेलं असतं,
तरी मी झाकण उघडतो.
आतला क्रमांक बाहेरच्याशी जुळला. चावी मूळची.
काच बदललेली, पण काचेचं कोण मनावर घेतं.

राहिलं फिरतं कडं.
शून्याच्या खाचेत एक उजळ मोती असायला हवा,
तिथे लाल काहीतरी. जाड.
ब्रशचा एक केस त्यात अडकलेला.
"हे मूळ नाही," मी म्हणालो.
"नाहीच," ती म्हणाली. "ते माझं."

मोती पडला रात्री, आणि पहाटे त्याची पाळी.
खाली उतरताना शून्य मिनिटकाट्यासमोर आणायचं,
मग हवेचा हिशेब त्या शून्यापासून.
गढूळ पाण्यात शून्यच सापडलं नाही तर?
दुकानं बंद. घरात नेलपॉलिश होतं,
बहिणीच्या लग्नाला आणलेलं.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक थेंब, वर फुंकर.
"चिडला होता. बोटीवर हसतील म्हणून."
हसलेच.
मे महिन्यात नळी अडकली त्याची, तळाशी,
तेव्हा लाल ठिपक्यापासून त्यानं अकरा मिनिटं मोजली.
बाराव्याला वर ओढला.
वेळ आली होती, काळ आला नव्हता म्हणतात;
दोन्हींच्या मध्ये इथे रंगाचा एक थर होता.

पण हांबुर्गचा डिर्कसन काय म्हणेल ते मला ठाऊक:
ठिपक्यासकट एक तृतीयांश कमी.
खाच स्वच्छ असेल तर त्याच्याकडे त्या काळचे सुटे मोती आहेत,
एक बसवेल, आणि त्यालाही मूळच म्हणेल.
मी म्हणालो, राहू द्या, या ठिपक्यामुळेच तर हे—
तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.
"ऑक्टोबरच्या वादळात कौलं गेली माझी.
तुम्हाला भरून आलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही."

कापसाच्या काड्या. अ‍ॅसिटोन.
माझा पुढे आलेला हात तिनं बाजूला सारला.
"लावला मी. काढीनही मीच."
दुकानभर तो वास,
नटायच्या आधीचा की नटणं उतरवल्यानंतरचा, कळेना.
तीन काड्या लाल. चौथी गुलाबी.
पाचवी कोरी निघाली,
तेव्हा सगळ्या टोपलीत टाकून ती मोजे चढवू लागली.

ती गेल्यावर पुन्हा भिंग लावलं.
खाचेच्या तळाशी, दहापट मोठी केल्यावर,
केसाएवढी लाल रेघ. आणि तो केसही.
चिमटा हातात होता. मी तो खाली ठेवला.

तीस वर्षांत अहवालात खोटं लिहिलेलं नाही मी.
कडं: मूळ.
मोती: गहाळ.
इतर खुणा:
इथे पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा एक टिंब उमटला, तेवढाच.

डिर्कसनचं भिंग वीसपटीचं आहे.
बघू दे त्याला.