तीन महिन्यांनंतरचा रकाना

वेंगुर्ल्याच्या आमच्या रुग्णालयात
मी एकोणीस वर्षं मोजते आहे.
खाटा, बाटल्या, टाके, सलाईनचे खांब,
खुब्याची ऑपरेशनं: गेल्या साली एकेचाळीस.
जखम कोरडी, ताप नाही, सहाव्या दिवशी घरी.
शेरा: उत्तम.
शेऱ्याखाली सही, सहीखाली शिक्का,
शिक्क्याच्या पुढे वही कोरीच होती.

मग मुळ्येबाईंनी, आमच्या हाडाच्या डॉक्टरांनी,
पट्टी धरून उजवीकडे एक रेघ ओढली.
"हा रकाना तीन महिन्यांनी भरायचा.
त्यांना विचारून."

पहिला फोन निवतीला. शेवंती खवणेकर, वय चौसष्ट.
छापील कागदावरचा छापील प्रश्न:
जिना चढता येतो का?
पलीकडे समुद्र वाजत होता.
"जिनो? आमच्याकडे खंयचो जिनो, बाय?
व्हाळ आसा. व्हाळार साकव आसा.
साकवार पाय घालूक भिती वाटता."
मी जिना खोडला, वर लिहिलं: साकव.
एकोणीस वर्षांत वहीत मी खोडलेला
तो पहिला शब्द.

दुसरा डुमिंग फर्नांडिस. रापणकर.
एक्स-रेत त्याचा सांधा नव्या नाण्यासारखा.
"तुमची काठी बरी हा, पण वाळूत रुतता."
एवढंच बोलला. ठेवला.

एकेचाळिसांपैकी सतरा जण
कामावर परतलेच नव्हते.
तो आकडा मी टेबलावर ठेवला तेव्हा
मुळ्येबाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
"ऑपरेशन तर चांगलं झालं होतं," म्हणाल्या,
मला नाही, चष्म्याला.

त्यानंतर आमच्या व्हरांड्यात
किनाऱ्यावरून चार पोती वाळू आली.
मेट्रनने कपाळाला हात लावला.
लाकडाच्या चौकटीत वाळू पसरली,
पेशंट तिच्यात चालू लागले, पडू लागले,
आमच्यासमोर पडू लागले, हे बरं.
रोहिदास वॉर्डबॉयने काठीच्या टोकाला
करवंटी ठोकली, पालथी.
पहिली फुटली. दुसरीही.
तिसरीच्या आत त्याने रबराची चकती बसवली.
माशाच्या पाटीएवढ्या उंचीचा एक पाट केला,
वीतभर कमी, वीतभर जास्त,
शेवटी खुद्द शेवंतीलाच बोलावलं मापाला.
ती बसली, उठली, पुन्हा बसली,
आणि आमच्या सगळ्या पदव्यांकडे बघून म्हणाली,
"ह्यां आदी कित्या विचारलास नाय?"

पुढच्या साली सतराचे बारा झाले.
त्याच्या पुढच्या साली तेरा.
तो एक का वाढला, त्यावर आम्ही तीन दुपारी बसलो.
चहा गार. पंखा बंद.
उत्तर निघालं: पावसात साकव वाहून गेला होता.
साकवावर औषध कुठल्या कपाटात असतं?
बाईंनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं.
रुग्णालयाच्या लेटरहेडवर, लाकडासाठी.

कागदावर अजून एक प्रश्न आहे:
दुखणं दहापैकी किती?
शेवंतीला दहाचं काही सांगता येत नाही.
"गेल्या जत्रेक संकासुर येयसर बसलंय
नि उठान घराक इलंय.
औंदा धयकालो बघून मगे."
अख्खा दशावतार, रात्रभर, चटईवर!
मी त्या चौकोनात आकडा घातला नाही.
लिहिलं: धयकालो.
वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी
तिथे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं.
ते मी पुसलेलं नाही.

डुमिंगचा फोन मात्र आठ दिवस लागत नाही.
त्याचा रकाना रिकामा आहे,
आणि जुन्या सवयीने हात शिवशिवतो:
उत्तम लिहावं, शिक्का मारावा, पान उलटावं.
रविवारी पहिली एसटी साडेसहाला आहे.
करवंटीची काठी पिशवीत मावत नाही,
हातातच घेईन.